चांदबिबीच्या महालावरच्या थापा

भाकरी थापणं आणि थापा मारणं, ही दोन कामं गिदोन साळवेला चांगली येत. पहिलं काम आईनं शिकवलं असं तो सांगायचा, पण ते सांगणं दुसऱ्या कामात मोडतं. भाकरी त्याला बायकोनं, कृपानं शिकवली आणि तीही चाळिशी उलटल्यावर. ती मिशनच्या शाळेत मुलींना शिकवायला जाई आणि हा नोकरी गमावून घरी बसलेला असे, मग कोणीतरी चूल पेटवायला हवीच होती.

नोकरी होती भिंगारच्या छावणीत, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. तिथं तो बटलर होता. तिथून त्याला का काढलं याची हकिकत तो समोरचा माणूस बघून सांगे. कोणाला सांगे की कर्नलची मेम त्याच्या कस्टर्डवर भाळली आणि कर्नलचं डोकं फिरलं. बेचाळीसनंतर सांगू लागला की मीच बाणेदारपणे राजीनामा तोंडावर फेकला. कृपाची हकिकत कायम एकच होती. साहेब जेवायला बसले तेव्हा हा झोपला होता.

मेसमधून निघताना त्यानं एक दुर्बीण आणली. बक्षीस मिळाली, असं त्याचं म्हणणं. मिशनच्या देवळात 'चोरी करू नको' ही आज्ञा वाचली जायची तेव्हा कृपा मान वळवून नवऱ्याकडे बघायची, आणि हा डोळे मिटून प्रार्थनेत बुडालेला असायचा. तशी ती दुर्बीण चोरण्याच्या लायकीची नव्हती. तिची एक काच फुटलेली आणि दुसरीत बुरशी. तिच्यातून काहीही बघा, ते पांढरं आणि हलतं दिसे.

बेचाळीसच्या ऑगस्टात सरकारनं देशभरातले मोठमोठे पुढारी धरले आणि नगरच्या किल्ल्यात आणून कोंडले. तेव्हा गिदोनला कळलं की खादीतली माणसं बघायला आपल्या दुर्बिणीसारखी दुर्बीण उभ्या हिंदुस्थानात नाही.

शहराच्या पूर्वेला पाथर्डीच्या वाटेवर डोंगर आहे आणि डोंगरावर चांदबिबीचा महाल. आठ कोनांचा, तीन मजली, दगडी. चांदबिबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती निजामशाहीतल्या एका वजिराची कबर आहे. पण कबरीवर सहलीला जाऊन जेवायचं, हे नगरकरांच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यांनी तिचा महाल करून टाकला आणि निवांत जेवू लागले. भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्यानं धापा टाकत वर गेलं की सगळा मुलूख दिसतो. शेतं, भिंगारची कौलं, छावणीच्या बराकी, शहराचे मिनार, आणि अलीकडे झाडांत भाकरीसारखा वाटोळा भुईकोट किल्ला. किल्ल्याच्या आतली माणसं मात्र तिथून दिसत नाहीत. एवढ्या लांबून हत्ती उभा केला तरी दिसणार नाही.

गिदोननं वरच्या गच्चीवर तीन दगडांची चूल मांडली. टांगेवाल्यांना सांगून ठेवलं. संध्याकाळचं जेवण, वर देशभक्तांचं दर्शन. मटण खाणाऱ्याला मटण, न खाणाऱ्याला वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, आणि सगळ्यांना शेवटी मेसमधलं कस्टर्ड. गिऱ्हाईक आधी जेवे, मग दुर्बिणीला डोळा लावी आणि गिदोन कानाशी लागून सांगे, "ते पांढरं हललं ना? फेरी मारतायत. आता वळले. आता बसले बघा. सूत काततायत." पुण्याचे वकील आले, सोलापूरचे व्यापारी आले, एक कीर्तनकारबुवा येऊन दुर्बिणीलाच हार घालून गेले. एकालाही दिसलं नाही असं झालं नाही. शेजारच्याला पुढारी दिसतो आणि आपल्याला दिसत नाही, हे कबूल करायची छाती कोणाची होती?

खाली शहरात ज्यांनी गिदोनच्या हातचं पाणी घेतलं नसतं, ते लोक गच्चीवर त्याच्या भाकरीचे तुकडे मोडून खात. उंचावर विटाळ लागत नाही, हा शोध त्यांचा त्यांनीच लावला होता. खाली उतरताना ते गिदोनला बजावत, बोलू नको कुठं. गिदोन म्हणे, माझ्या तोंडून शब्द निघाला तर बोला. आणि भिंगारच्या वेशीवर पोचेपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा होई.

महालाची राखण नूरमहंमद नावाचा म्हातारा करी. पायथ्याशी त्याचं खोपट होतं. या धंद्यात त्याचा वाटा म्हणजे एक वाडगा रस्सा. तो रोज वर येई, वाडगा घेई आणि म्हणे, "वजीरसाहेब खालून सगळं ऐकतात हां, गिदोन. एक दिवस हाक मारतील." गिदोन म्हणे, "चाचा, मारू दे. त्यांनाही वाढतो."

चव्वेचाळीसच्या थंडीतली ही गोष्ट. कापडबाजारातले एक शेठ आपल्या पुण्याच्या नव्या व्याह्यांना घेऊन आले होते. बरोबर शेठाणी. व्याही जरा नाक वर करून होते. नगरात बघण्यासारखं काही नाही असं त्यांचं मत, आणि ते खोडून काढण्यासाठी शेठ त्यांना महालावर घेऊन आले होते. जेवण व्हायचंच होतं, पण शेठना धीर नव्हता. त्यांनी आधीच दुर्बीण घेऊन व्याह्यांना दोन पुढारी दाखवून टाकले होते, एक बसलेला आणि एक चालता. व्याही पहिल्यांदाच गप्प झाले होते.

गिदोन चुलीशी भाकरी थापत होता. तेवढ्यात जिन्यातून एक म्हातारी वर आली. काटक, काळी, कासोट्याचं लुगडं, डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं. भिंतीला हात टेकून तिनं श्वास घेतला आणि विचारलं, "माणसं दावत्यात ते तुमीच का?"

"मीच. बसा मावशी. कोणते पुढारी बघायचेत?"

"पुढारी नगं. माझा पोरगा दावा."

तिचं नाव भागूबाई. काष्टीकडची. पोराचं नाव गोरखनाथ. दुसऱ्याचा बोकड मारून खाल्ला म्हणून तो येरवड्याच्या तुरुंगात गेला होता. "बोकड नेला ते त्याचं चुकलंच," ती म्हणाली. "पर एकटा न्हाई खाल्ला. खानारं सगळं गाव हुतं, आत गेला त्यो एकला." मग येरवड्यात तापाची साथ आली आणि गावात बातमी आली की गोरख गेला. भाऊबंद म्हणाले, दहावं करून घे. तिनं केलं नाही. पुढं शेजारच्या गावचा सहादेव सुटून आला. तोही आतलाच. तो म्हणाला, गोरख गेलाबिला नाही, त्याला नगरच्या किल्ल्यात नेलंय, पुढाऱ्यांचा स्वयंपाक करायला.

"आता सहादेव म्हंजे शंभर खोटं बोलनारा," भागूबाई म्हणाली. "आनि माझ्या पोराला भाकर थापता येत न्हाई, हो. पानी उकळताना बी करपवायचा. त्याच्या हातचं खाऊन ते मोठे लोक जगतील का? म्हनून मला पटंना. किल्ल्याच्या दारात गेल्ते. बंदूकवाल्यानं हुसकून लावलं. टांगेवाला म्हनला, महालावर जा, तिथं दिसतं सगळं. एवढंच सांगा मला. पोरगा हाय का न्हाई? नसंल तर दहावं करते. असंल तर भाऊबंदांच्या तोंडावर सांगते."

गिदोनचा हात पिठातच राहिला. पांढरा ठिपका दाखवून पुढारी म्हणणं वेगळं. पुढारी जिवंत आहेत हे पेपरात येतं. हिला काय दाखवायचं? त्याला वाटलं, हो म्हणून टाकावं. बाई हसत घरी जाईल. मग वाटलं, आणि नसला तर? पोरगा मेलेला आणि आई वाट बघत बसलेली, माझ्या एका शब्दापायी.

तो विचार पुरा होण्याआधीच भागूबाईनं शेठच्या हातातून दुर्बीण काढून घेतली होती. तिनं एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं, मग दुर्बीण उलटी करून काचेत पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "ह्या दुर्बिनीच्या डोळ्यात फूल पडलंय. माझ्या सासूच्या डोळ्यात अस्संच हुतं. तिला बी सगळं पांढरं दिसायचं."

इतक्या दिवसांत इतकी शिकलेली माणसं त्या दुर्बिणीतून बघून गेली होती, आणि हे कोणी बोललं नव्हतं. गिदोन दुर्बीण परत घ्यायला पुढं झाला. पण त्याच्या मदतीला शेठच धावले. "काय बोलता, बाई. मी स्वतः पाहिले. दोन होते. आमच्या व्याह्यांनीही पाहिले." व्याह्यांनी शेठकडे पाहिलं, किल्ल्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो. एकाने तर आपल्याकडे बघून हात केला." शेठना याचं वाईट वाटलं, कारण त्यांना हात केलेला दिसला नव्हता.

गिदोनला आता जोर चढला. सवय मोठी वाईट. त्यानं दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली आणि म्हणाला, "मावशी, याला नजर बसावी लागते. हा बघा. मुदपाकखान्याच्या दारात उभा आहे. तब्येत झकास आहे तुमच्या पोराची."

"चालतोय का?"

"हा काय, निघालाच."

"कंच्या पायानं लंगडतो?"

गिदोननं हिशेब केला. माणसाला पाय दोनच, त्यातला एक निवडायचा. "डाव्या," तो म्हणाला.

"माझा गोरख लंगडत न्हाई," भागूबाई म्हणाली. ती रागावली नाही. "तुमी चांगल्या मनानं सांगितलं असंल, दादा. पर मला खरं पायजे हुतं."

गिदोनला लाज वाटली. लाज ही गोष्ट त्याच्या फारशी परिचयाची नव्हती, त्यामुळे आधी त्याला वाटलं की पोटात काही दुखतंय. त्यानं दुर्बीण पिशवीत कोंबली आणि खाली मान घालून तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

भागूबाई कठड्याशी उभी राहिली. दिवस कलला होता, वारा पडला होता. बराच वेळ ती नुसत्या डोळ्यांनी किल्ल्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "त्यो धूर कशाचा?"

किल्ल्यातल्या झाडांतून धुराची बारीक रेघ सरळ वर चालली होती. गिदोननं ती रोज संध्याकाळी पाहिली होती आणि कोणाला दाखवली नव्हती. धूर बघायला कोण येतं? "चुलीचा असेल," तो म्हणाला. "त्यांचा रात्रीचा स्वयंपाक." बऱ्याच दिवसांनी त्यानं एक वाक्य मीठमसाला न लावता सांगितलं.

"मंग हिरवा पाला आना," भागूबाई म्हणाली. "आनि एक गोनपाट, भिजवून."

काष्टीला तिचं घर नदीच्या अलीकडे आणि गोरख मेंढरं चारायचा पलीकडच्या माळावर. हाक पोचायची नाही. म्हणून भाकरी झाली की ती चुलीत लिंबाचा पाला घालायची, दाट धूर काढायची, वर ओलं गोणपाट दाबून उचलायची, पुन्हा दाबायची, पुन्हा उचलायची. धूर तुटून गोळ्यागोळ्यांनी वर जायचा. त्याचा अर्थ, जेवायला ये. तिकडून गोरख काटक्या पेटवून घोंगडीनं तसाच धूर तोडायचा. त्याचा अर्थ, आलो. त्याचा धूर दिसल्याशिवाय ती कधी जेवायला बसली नव्हती.

"तो बघेल का पण?" गिदोननं विचारलं.

"ल्हानपनापासनं भूक लागली की धूर हुडकतो त्यो. दुसरं काई येतच न्हाई त्याला."

नूरमहंमद तोवर रश्शाचा वाडगा घ्यायला आला होता. त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो वाडगा ठेवून परत खाली गेला आणि लिंबाच्या दोन फांद्या आणि भिजवलेलं गोणपाट घेऊन आला. भागूबाईनं त्या चुलीत खुपसल्या. पांढरा दाट धूर निघाला आणि आधी शेठच्या मंडळींच्या नाकातोंडात गेला. तिनं गोणपाट दाबलं, उचललं. पहिला गोळा वर चढला.

शेठ ठसकत होते. ठसका थांबल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो, हा इशारा आहे," ते म्हणाले. "किल्ल्याला इशारा. खाली लष्कर आहे, लढाई चालू आहे, आपल्याला धरून नेतील." देशभक्ती बघायला आलेली मंडळी चपला हातात घेऊन जिना उतरू लागली. व्याही सगळ्यांत पुढे होते. शेठाणी परत आल्या, कस्टर्डचं भांडं उचललं आणि मग गेल्या.

गिदोनही घाबरला होता. खोटं बोलायला त्याला कधी भीती वाटली नव्हती, पण हे खरं होतं आणि खऱ्याला शिक्षा असते. छावणीतून हा धूर स्वच्छ दिसत असणार. एक तांब्या पाणी ओतलं की चूल विझली असती. त्यानं तांब्या उचललासुद्धा. मग त्यानं ते पाणी सुकत आलेल्या गोणपाटावर ओतलं आणि त्याचं दुसरं टोक धरलं.

"सावकाश उचला," भागूबाई म्हणाली. "गोळा फुटतो."

दोघांनी दाबलं, उचललं. पुन्हा दाबलं. किल्ल्यावरची रेघ तशीच सरळ होती. पाला संपत आला. नूरमहंमद म्हणाला, "वजीरसाहेब म्हणतात, और एक बार." पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. भागूबाईचे ओठ घट्ट मिटले होते. ती आता किल्ल्याकडे बघत नव्हती, चुलीकडेच बघत होती. तिला बघायची भीती वाटत होती, हे गिदोनला कळलं, म्हणून तिच्या वतीनं तोच बघत राहिला.

रेघ तुटली.

मधेच तुटली, जरा वेळ तिथं नुसतं आभाळ राहिलं, मग एक गोळा वर आला. पुन्हा तुटली. दुसरा गोळा आला, जरा वाकडा. दुर्बीण पिशवीत होती. त्या गच्चीवरून गिदोननं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पाहिलं. त्यानं म्हातारीचा दंड धरून तिला वळवलं.

भागूबाईनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दुसऱ्यांदा नीट दाबलं न्हाई," ती म्हणाली. "आळशी हाय मेला." मग ती तिथंच खाली बसली, पदरानं तोंड पुसलं, गाठोडं सोडलं आणि पोरासाठी आणलेल्या भाकरी तिघांपुढं ठेवल्या. "म्हनतोय आलो. वाढा, दादा. दिसभर काई खाल्लं न्हाई."

त्या संध्याकाळी गिदोन घरी गेला तेव्हा डोळे लाल होते. धुरानं झालं, असं त्यानं सांगितलं. कृपानं ही थाप मात्र चालवून घेतली. दुसऱ्या दिवशी एक हवालदार धुराची चौकशी करत आला. गिदोन म्हणाला, कस्टर्ड करपलं. कस्टर्ड म्हणजे काय हे हवालदाराला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती, म्हणून चौकशी तिथंच मिटली.

या प्रकारानं गिदोन सुधारला, असं कोणी समजू नये. महिना उलटायच्या आत शेठच आणखी पाहुणे घेऊन वर आले आणि त्यांनी स्वतःच सांगायला घेतलं की पुढाऱ्यांनी आमच्याकडे बघून हात केला होता. गिदोननं मान डोलावली. फक्त गिऱ्हाइकांना वाढण्याआधी तो क्षणभर किल्ल्याकडे बघायचा, आणि काय बघतोस असं विचारलं तर म्हणायचा, काही नाही. पुढं पुढाऱ्यांना किल्ल्यातून हलवलं. धूर बंद झाला आणि धंदाही. गिदोननं स्टेशनाजवळ लहानशी खानावळ काढली.

त्यानंतर वर्षाभरानं एक दणकट माणूस खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. "महालावरचे दादा तुमीच का? मी गोरखनाथ, भागूबाईचा." त्यानं फडकं सोडून भाकर पुढं ठेवली. जाड, कडेला चिरलेली. "आईनं धाडलीय. मी थापलीय. किल्ल्यात शिकलो. पयल्या पयल्यांदा लई वाईट व्हायच्या, पर ते मोठे लोक कधी काई बोलले न्हाईत. गप खायचे."

तो पाणी प्यायला दाराजवळच्या रांजणाकडे वळला. गोरखनाथ लंगडत होता. डाव्या पायानं.

"हे कधी झालं?"

"किल्ल्यातच. उकळत्या डाळीचं पातेलं पायावर आलं. आईचा धूर दिसला त्याच्या म्हैनाभर आधी." पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं. "सुटून घरी गेलो तवा आईनं पाय बघितला आनि मटकन खालीच बसली. म्हनली, त्यांनी सांगितलं हुतं, डावा पाय. मीच खोटं पाडलं. जा आनि पाया पडून ये."

आणि तो खरोखरच वाकला. गिदोननं त्याचे दोन्ही हात वरच्या वर धरले. आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी जन्माचं नाव झालं असतं. मागं कृपा शाळेच्या वह्या तपासत बसली होती. तिचा हात थांबला.

"ऐक," गिदोन म्हणाला. "मला काही दिसलं नव्हतं. दुर्बीण फुटकी होती. मी थाप मारली. पाय दोन, त्यातला एक सांगितला."

गोरखनाथ हसला. "आई म्हनली हुती," तो म्हणाला, "ते कबूल करनार न्हाईत."

त्यानं हात सोडवून घेतले, वाकून पाय धरलेच, आणि मग समोरच्या बाकावर बसला. गिदोननं त्याची भाकर मोडली. ती मधे जरा कच्ची होती. गिदोननं ती सगळी खाल्ली आणि चांगली झालीय, असं सांगितलं.